वडिलोपार्जित वाडा विकताना: आधी सह्या, मग कागद, मग लाकूड

वाडा विकायचा ठरला की घरात पहिला प्रश्न निघतो तो भावाचा. गल्लीतला अमुक वाडा किती गुंठ्याला गेला, त्या हिशेबाने आपल्याला किती मिळतील. खरं तर हा प्रश्न सगळ्यात शेवटी यायला हवा. भाव खाली येतो तो सह्या जुळत नाहीत म्हणून. तीस वारसांपैकी एकाने जरी 'मला कुणी विचारलंच नाही' म्हटलं, तरी गिऱ्हाईक एक तर पळतं, नाही तर निम्म्या भावात मागतं. त्यामुळे या लेखाचा मोठा भाग माणसं आणि कागद यांनीच व्यापला आहे. भिंती आणि खांब नंतर येतील.

वंशावळ: कागदावर, आणि लेकींसकट

मिळकत पत्रिकेवर (सगळे तिला प्रॉपर्टी कार्डच म्हणतात) ज्याचं नाव शेवटचं लागलं आहे, त्या माणसापासून वंशावळ सुरू करा. बहुतेक वाड्यांवर ते पणजोबांचं किंवा त्यांच्या थोरल्या मुलाचं असतं, आणि थोरल्याचं नाव 'एकत्र कुटुंबाचे व्यवस्थापक' म्हणून लागलेलं असतं. नाव एकाचं असलं म्हणून मालकीही एकाचीच असते असं नाही. इथे फसलेले व्यवहार सर्वात जास्त.

प्रत्येक माणसापुढे चार गोष्टी लिहा: जन्म, मृत्यू, मृत्यूचा दाखला आहे की नाही, आणि त्याचे वारस. मृत्यूच्या तारखेला एवढं महत्त्व का, तर हिंदू उत्तराधिकार कायदा १९५६ चा आहे आणि त्याआधी वारलेल्या माणसाचा वारसा वेगळ्या नियमांनी जातो. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क देणारी दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झाली. वडील त्या दिवशी हयात असण्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये विनीता शर्मा प्रकरणात स्पष्ट केलं. 'बहिणींची लग्नं झाली, त्यांना दागिने दिले' हे वाक्य घरात चालतं, दुय्यम निबंधकांपुढे त्याचा काही उपयोग नाही.

'आमचं वाटप पूर्वीच झालंय' हेही नीट तपासा. २० डिसेंबर २००४ पूर्वीचं नोंदणीकृत वाटपपत्र किंवा न्यायालयाचा हुकूमनामा असेल तर ते वाटप टिकतं. आजोबांनी ओसरीवर बसून 'पुढचा चौक तुझा, मागचा त्याचा' असं सांगितलेलं तोंडी वाटप मुलींच्या हक्काविरुद्ध सहसा टिकत नाही. त्याला जुन्या सरकारी कागदांचा भक्कम आधार लागतो.

सर्वात जास्त विसरली जाते ती वारलेली आत्या. तिची मुलंच नव्हे, तर तिचे यजमान हयात असतील तर तेही तिच्या हिश्श्याचे वारस असतात. पंधरा वर्षांपूर्वी वारलेल्या आत्याचे यजमान परगावी मुलीकडे राहतात आणि कुणाच्या ध्यानातही नसतात, ही अगदी नेहमीची गोष्ट आहे. तसंच एखादा वारस अज्ञान (अठरा वर्षांखालचा) असेल आणि त्याच्या नावे स्वतंत्र हिस्सा असेल, तर आई किंवा वडिलांची सही पुरत नाही. जिल्हा न्यायालयाची पूर्वपरवानगी लागते. तिला महिने लागतात, म्हणून तो अर्ज सगळ्यात आधी टाका.

वंशावळ पूर्ण झाली की वकिलाकडून हिस्से काढून घ्या. वाटणीचे आकडे १/३६, ५/७२ असे निघाले तर घाबरू नका, वाड्यांत असंच निघतं. वारसांबद्दल वाद किंवा शंका असेल तर दिवाणी न्यायालयातून वारस प्रमाणपत्र काढावं. महाराष्ट्रात ते अजूनही १८२७ च्या मुंबई विनियमाखाली मिळतं.

सह्या कमी कशा करायच्या

तीस जणांना एका दिवशी निबंधक कार्यालयात आणणं जवळजवळ अशक्य. त्यावर दोन उपाय आहेत आणि दोन्हींची गल्लत करू नये.

पहिला हक्कसोडपत्र. ज्यांना पैसे नकोत, ते आपला हिस्सा जवळच्या नातेवाइकाच्या लाभात सोडतात. वडिलोपार्जित मिळकतीत मोबदला न घेता भाऊ, बहीण, मुलं अशा नातेवाइकांच्या लाभात केलेल्या हक्कसोडपत्राला मुद्रांक नाममात्र लागतो. पण दस्त नोंदणीकृतच हवा. साध्या कागदावरचं किंवा नुसतं नोटरी केलेलं हक्कसोडपत्र कपाटात ठेवण्यापुरतंच. आणि आत पैसे देऊन बाहेर 'विनामोबदला' लिहू नका. पुढे भांडण झालं तर हाच कागद उलटतो.

दुसरा कुलमुखत्यारपत्र. पैसे हवे आहेत पण यायला जमत नाही, अशांसाठी हा मार्ग. परदेशातल्या वारसाने ते भारतीय दूतावासात साक्षांकित करून किंवा तिथल्या नोटरीपुढे करून, अपोस्टील (दुसऱ्या देशात चालणारा सरकारी प्रमाणीकरणाचा शिक्का) घेऊन पाठवावं. कागद भारतात आल्यावर तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक भरावा लागतो, आणि ही मुदत हमखास चुकते. दस्ताच्या दिवशी मुखत्याराला 'लिहून देणारा हयात आहे आणि अधिकार रद्द केलेला नाही' असं घोषणापत्र द्यावं लागतं. वृद्ध वारस व्यवहाराच्या मध्येच गेला तर त्याचं मुखत्यारपत्र त्याच क्षणी संपतं, आणि वंशावळीला नवी फांदी फुटते. म्हणून ऐंशीच्या पुढच्या मंडळींची सही शक्यतो मुखत्यारपत्रावर नको, थेट दस्तावरच घ्यावी. कार्यालयात येता येत नसेल तर निबंधक गृहभेट देऊन घरी नोंदणी करतात, त्यासाठी वैद्यकीय दाखला जोडून अर्ज करायचा.

एखादा भाऊबंद अडून बसला तर? बाकीच्यांना आपला अविभक्त हिस्सा परक्याला विकता येतो, पण सहसा विकू नये. राहत्या कुटुंबघराचा हिस्सा घेणाऱ्या परक्याला संयुक्त ताबा मागता येत नाही, आणि त्याने वाटपाचा दावा लावला तर घरच्या माणसाला तो हिस्सा विकत घेण्याचा हक्क १८९३ च्या वाटप कायद्याने दिला आहे. शिवाय एकत्र वारसा मिळालेल्या वारसांना एकमेकांचा हिस्सा आधी घेण्याचा अग्रहक्क आहे. हे ठाऊक असलेलं गिऱ्हाईक असा हिस्सा मातीमोल भावातच घेतं. अडलेल्याला लेखी प्रस्ताव द्या: रक्कम, मुदत आणि 'तू घेत असशील तर याच भावात घे' एवढंच त्यात असू दे. बऱ्याचदा त्याला वाडा नको असतो, आपल्याला विचारलं जावं एवढंच हवं असतं.

कागदांची थैली

ही यादी कंटाळवाणी आहे, पण टाळता येत नाही.

– गावठाणात नगर भूमापन झालं असेल तर प्रॉपर्टी कार्ड आणि चौकशी नोंदवहीचा उतारा. खेड्यात ग्रामपंचायतीचा नमुना ८. स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजलेल्या गावठाणांतही आता मिळकत पत्रिका मिळते.
– भूमी अभिलेख कार्यालयाची मोजणी आणि तिची 'क' प्रत (हद्दी दाखवणारा नकाशा).
– तीस वर्षांचा शोध अहवाल, सूची क्रमांक दोनच्या (नोंदलेल्या दस्तांच्या सरकारी सूचीच्या) उताऱ्यांसह.
– घरपट्टी, पाणीपट्टी आणि वीजबिल चुकते केल्याच्या पावत्या.
– जुनी खरेदीखतं, सनदा, वाटणीपत्रं.

मोजणी वगळायचा मोह होतो, तो टाळा. जुन्या दस्तांत लांबी-रुंदी हातांत किंवा खणांत दिलेली असते. खण म्हणजे दोन खांबांमधलं अंतर, आणि ते घरोघर वेगळं. 'पाच खणी, दोन चौकी घर' या वर्णनावरून चौरस मीटर काढणं धोक्याचं असतं. मोजणीत बहुधा तीन गोष्टी बाहेर येतात: रस्तारुंदीत गेलेली पुढची पट्टी, शेजाऱ्याशी सामाईक असलेली भिंत, आणि आपल्या पागोळ्यांचं (छपराच्या कडेवरून गळणारं) पाणी त्याच्या बोळात पडतं ते. पागोळ्या आणि सांडपाण्याच्या वाटेचे हक्क वीस वर्षांच्या अखंड वहिवाटीने पक्के होतात, मग ते आपले असोत वा शेजाऱ्याचे. ते करारात लिहा. लपवलेला दोष नंतर उघड झाला तर जबाबदारी विकणाऱ्याची, हे मालमत्ता हस्तांतरण कायद्यात स्पष्ट आहे.

कार्डावर सत्ताप्रकाराचा रकाना वाचा. इनाम, देवस्थान किंवा शासकीय पट्टा अशी नोंद असेल तर विक्रीला परवानगी लागेल का हे वकिलाकडून आधी समजून घ्या. वाड्यातलं देऊळ सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेलं असेल तर त्या भागासाठी धर्मादाय आयुक्तांची परवानगी हवी. खाजगी देवघराला तो नियम नाही.

मोडीतले कागद रद्दीत देऊ नका. मालकीशी संबंधित कागदांचं जाणकाराकडून देवनागरीत लिप्यंतर करून घ्या. एका सनदेने हद्दीचा वाद मिटू शकतो. मालकीचे मूळ दस्त खरेदीदाराला द्यावे लागतात, पत्रव्यवहार आणि जमाखर्चाच्या वह्या तुमच्याच राहतात. स्कॅन सगळ्यांचं करा.

भाडेकरू

शहरातल्या वाड्यात भाडेकरू असतातच. विक्रीने त्यांचा हक्क संपत नाही, मालक बदलतो एवढंच. ३१ मार्च २००० पासून लागू असलेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याचं संरक्षण त्यांना आहे, आणि पागडीलाही त्याच कायद्याने मान्यता दिली आहे. 'वाडा पडू दे, भाडेकरू आपोआप जातील' हा सल्ला अजूनही दिला जातो. इमारत पडली म्हणून भाडेकरार संपत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१४ चा निकाल आहे. आणि कुणी पडत्या भिंतीखाली सापडलं तर प्रकरण फौजदारीत जातं.

प्रत्येक खोलीचा तक्ता करा: कोण राहतं, कधीपासून, भाडं किती, शेवटची पावती कुणाच्या नावे, मीटर कुणाचं, मोजलेलं क्षेत्र किती. भाडं घ्यायचं बंद करू नका आणि पावती नवीन नावावर फाडू नका. भाडेकरूंशी बोलणी विक्रीआधी करायची की खरेदीदारावर सोपवायची, हा भावाचा प्रश्न आहे. मोकळा वाडा आणि भाडेकरूंसकट वाडा या दोन वेगळ्या वस्तू आहेत. जाहिरातीत पहिल्याच ओळीत खरं काय ते लिहा.

वारसा यादी आणि शंभर मीटर

महापालिकेच्या वारसा यादीत वाडा आहे का, कोणत्या श्रेणीत, हे लेखी घ्या. यादीत नाव असल्याने विक्री अडत नाही. पाडणं, दर्शनी भाग बदलणं, मजले चढवणं यांना वारसा समितीच्या सल्ल्याने परवानगी लागते, आणि पहिल्या श्रेणीत जवळजवळ काहीच करता येत नाही.

त्याहून कडक बंधन राष्ट्रीय संरक्षित स्मारकाजवळच्या मिळकतींना आहे. २०१० च्या दुरुस्तीनुसार स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटर हा प्रतिबंधित पट्टा, तिथे नवं बांधकाम नाही. त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित, तिथे परवानगीने. पुण्यात शनिवारवाड्याभोवतीच्या कित्येक जुन्या घरांचा पुनर्विकास याच नियमाने अडला आहे. अशा ठिकाणी बिल्डरच्या मागे फिरण्यात वर्षं घालवू नका. दुरुस्ती करून वापरणारं गिऱ्हाईकच शोधा.

आता लाकूड आणि भिंती

भाव काढताना दोन हिशेब वेगळे मांडा: जमिनीचा आणि वास्तूचा. बिल्डर वास्तूची किंमत शून्य धरतो, किंबहुना पाडायचा खर्च वजा करतो. निवास, हॉटेल, संस्था किंवा कार्यालयासाठी घेणारा वास्तूचे पैसे देतो, पण ती काय आहे हे त्याला कागदावर दिसलं तरच.

म्हणून जुन्या वास्तूंचं काम जाणणाऱ्या वास्तुविशारदाकडून मोजमापाचे नकाशे करून घ्या: प्रत्येक मजल्याचा आराखडा, चौकातून जाणारा छेद, दर्शनी भाग. सोबत लाकडाची नोंद. नऊ इंची चौरस, नऊ फूट उंच खांब म्हणजे साधारण पाच घनफूट सागवान. असे चोवीस खांब म्हणजे सव्वाशेच्या आसपास घनफूट, तुळया आणि कडीपाट वेगळे. हा आकडा हाताशी असला की 'लाकडाचे काय ते बघून घेऊ' म्हणणारा माणूस ताळ्यावर येतो.

तपासणी कशी? सुरूच्या झाडाच्या आकारात घडवलेल्या खांबाचं कोरीवकाम फोटोत छान दिसतं, पण खरी प्रकृती तळखड्यावर (खांबाखालच्या दगडावर) आणि भिंतीत गेलेल्या तुळईच्या टोकांत कळते. तुळईवर लाकडी हातोडीने टकटक करत भिंतीकडे सरका. ठणठणीत आवाज मध्येच बद्द झाला तर टोक कुजलं आहे किंवा वाळवीने पोखरलं आहे. ओल जिथून येते ती जागा बहुधा वर असते: फुटलेली कौलं, तुंबलेली पन्हाळ, भिंतीत रुजलेला पिंपळ. पिंपळ नुसता उपटला तर मुळांबरोबर दगडही निघतात. आधी तो छाटून मुळं मारावी लागतात.

विकण्याआधी 'जरा चांगलं दिसावं' म्हणून माती-चुन्याच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा देऊ नका. जुनी भिंत ओल घेते आणि सोडते. सिमेंट ती ओल आत कोंडतं, आणि थोड्याच पावसाळ्यांत गिलावा मातीचा पापुद्रा घेऊन सुटतो. सागवानाला ऑइलपेंटही नको. कौलं शाकारा, पन्हाळी मोकळ्या करा, माळा रिकामा करा, चौक धुवा. एवढं पुरे. दाखवायला दिवाळीनंतरचे महिने उत्तम, पण हुशार गिऱ्हाईक पावसात एकदा येतंच.

पालिकेची धोकादायक इमारतीची नोटीस आली असेल तर ती दाखवा. सी-१ म्हणजे रिकामी करून पाडण्याजोगी, सी-२ म्हणजे दुरुस्तीने सावरणारी. श्रेणी पटत नसेल तर स्वतंत्र संरचना तपासणी करून हरकत घ्या. नोटीस येऊन पडली आणि कुणी उत्तरच दिलं नाही, असं मात्र होऊ देऊ नका.

गणेशपट्टी, महिरपी, हस्त (तुळईखालचे कोरीव आधार) सुटे करून विकायचा विचार असेल तर एक लक्षात ठेवा: इमारतीपासून वेगळी केलेली, शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरते. तिचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही, ती परदेशात पाठवता येत नाही, आणि काही प्रकारच्या वस्तूंची नोंदणीही लागते. आणि बळदात (भिंतीतल्या पोकळ कोठारात) किंवा जोत्याखाली हंडा सापडलाच, तर १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून जास्त किमतीचा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो. हंड्याची वाट पाहत विक्री लांबवणारी घरंही कमी नाहीत.

करार

क्रम असा ठेवा: विसार, जाहीर नोटीस, साठेखत (विक्रीचा करार), खरेदीखत. वर्तमानपत्रातली नोटीस खरेदीदाराचा वकील देतो, पण मजकूर आपण वाचावा. सिटी सर्व्हे नंबरातला एक आकडा चुकला की पुन्हा पहिल्यापासून. साठेखतात ताबा दिला तर पूर्ण मुद्रांक तेव्हाच लागतो, म्हणून ताबा खरेदीखताबरोबरच. वीस हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घेऊ नका, मग ती विसाराची का असेना. प्रत्येक वारसाचा धनाकर्ष त्याच्या नावाने वेगळा काढा. एकाच्या खात्यात सगळे घेऊन नंतर वाटणं म्हणजे पुढच्या भांडणाची पेरणी.

काय जाणार आणि काय राहणार याची यादी जोडा. पेटारे, हंडे, जातं तुमचं, याबद्दल वाद नाही. जमिनीत रोवलेलं उखळ, झोपाळा आणि त्याच्या छताच्या कड्या, दिंडी दरवाजाचं कुलूप, तुळशीवृंदावन यांवरून मात्र ताब्याच्या दिवशी आवाज चढतात. टाक आणि देव ताब्याआधी हलवा.

'वाडा पाडू नये' अशी अट घालायची इच्छा अनेकांना होते. पूर्ण मालकी दिल्यावर उपभोगावर घातलेली अशी अट सहसा लागू करता येत नाही. अपवाद आहे तो शेजारची मिळकत विकणाऱ्याकडेच राहिली असेल आणि अट तिच्या फायद्याची असेल तेव्हा. वाडा खरोखरच टिकावा असं वाटत असेल तर गिऱ्हाईक पारखून घ्या आणि थोडा कमी भाव पत्करा, नाही तर विक्रीऐवजी दीर्घ मुदतीचा भाडेपट्टा करा.

कर

हा भाग सनदी लेखापालाकडेच न्या, पण साठेखताआधी. १ एप्रिल २००१ पूर्वीच्या मिळकतीला त्या दिवसाचा बाजारभाव खरेदी किंमत म्हणून धरता येतो, तेव्हाच्या मुद्रांक मूल्याच्या (मुद्रांक शुल्कासाठी सरकार धरतं त्या किमतीच्या) मर्यादेत. नोंदणीकृत मूल्यांकनकाराचा अहवाल घ्या. निवासी व्यक्तीला दोन पर्याय आहेत: महागाई निर्देशांक न लावता साडेबारा टक्के, किंवा लावून वीस टक्के. समजा २००१ चा भाव १० लाख आणि विक्री ८० लाख. पहिल्या पर्यायात ७० लाखांवर ८.७५ लाख कर. दुसऱ्यात २०२५-२६ च्या ३७६ या निर्देशांकाने किंमत ३७.६ लाख होते आणि कर ८.४८ लाख, अधिभार-उपकर वेगळे. फरक थोडा, पण आकडे बदलले की पारडं फिरतं.

प्रत्येक वारसाचा नफा आणि सवलती वेगळ्या. सहा महिन्यांत ठरावीक रोख्यांत ५० लाखांपर्यंत गुंतवता येतात, नवं घर घेतल्यास वेगळी सूट आहे. मुद्रांक मूल्य करारातल्या किमतीच्या ११० टक्क्यांहून जास्त असेल तर कर मुद्रांक मूल्यावर बसतो. मोडकळीला आलेल्या वाड्यांत हे वारंवार होतं, कारण रेडी रेकनरला (सरकारी दरपत्रकाला) भाडेकरू आणि शंभर मीटर दिसत नाहीत. अशा वेळी मूल्यांकन अधिकाऱ्याकडे पाठवण्याची मागणी करता येते. एकूण व्यवहार ५० लाख किंवा वर असेल तर खरेदीदार एक टक्का कापतो. हिस्से छोटे असले तरी बेरीज एकत्र धरली जाते. अनिवासी वारसाच्या हिश्श्यावर कपात खूपच मोठी असते, म्हणून त्याने कमी कपातीचं प्रमाणपत्र आधीच काढावं.

दस्त झाल्यावर प्रॉपर्टी कार्डावर फेरफार लागला का ते पाहा. वीजमीटर, घरपट्टी आणि नळजोड खरेदीदाराच्या नावावर गेल्याशिवाय फाइल बंद करू नका.